आठ दगड

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा अंगावर तीन पिशव्या, दोन कॅमेरे आणि खांद्यावर ट्रायपॉड. ड्रायव्हरनं विचारलं, लग्नाचे फोटो काढायला आलात का? मी म्हटलं, हो, पण नवरानवरी पाण्यात राहतात.

घर आवडलं. नदीच्या काठावर, पाणी मोजणाऱ्या खात्यानं कधीकाळी बांधलेलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. बाहेरच्या भिंतीवर पुराच्या रेघा रंगवल्यात, वर्ष घालून. सगळ्यात वरची रेघ माझ्या हनुवटीला लागते. खिडकीत उभं राहिलं की समोर पाणी, पलीकडे काळे खडक. चहाचा कप घेऊन अर्धा तास तिथेच उभी होते.

डॉक्टरीणबाई न्यायला आल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टर, हे नदीचं केंद्र त्याच चालवतात. पस्तिशीच्या असतील, बोलणं मशीनगनसारखं. माझ्या पलंगावरच्या भिंतीवर त्यांनी माझाच फोटो लावून ठेवलाय. म्हणजे मी काढलेला. पाणमांजराची मादी खडकावर दोन पायांवर उभी, तोंडात पिल्लू, नजर थेट लेन्समध्ये. चौदा वर्षं झाली. लोक अजून त्याला ‘ती आई’ म्हणतात. कॉलेजात असताना तो पाहिला आणि शहरातल्या कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढायचा बेत सोडला, असं त्या म्हणाल्या. मी नेहमीचं वाक्य म्हटलं: श्रेय माझं नाही, त्या आईचं. इतक्या वेळा म्हटलंय की गोट्यासारखं गुळगुळीत झालंय.

त्या गेल्यावर फोटो काढून कपाटामागे ठेवला. डोक्यावर काही टांगलेलं असलं की मला झोप लागत नाही.

३ फेब्रुवारी

काम समजावून घेतलं. त्या फोटोमुळे इथला बंधारा रद्द झाला आणि नदीचा अकरा किलोमीटरचा पट्टा राखीव झाला. त्याची मुदत आता संपतेय. अठ्ठावीस तारखेला सुनावणी. वाळू उपसणारे टपून बसलेत, आणि दोन वर्षांत इथे कुणाला पाणमांजर दिसलेलं नाही. पंजाचा ठसा नाही, खडकावर खवल्यांनी भरलेली विष्ठा नाही. प्राणीच नसेल तर राखीव कुणासाठी, असा त्यांचा सवाल. म्हणून मला बोलावलं. एक फोटो हवाय. एकच पुरे.

दिवसभर हिंडून आपोआप फोटो काढणारे सहा कॅमेरे बसवले. समोरून काही हललं की तेच टिपतात. सोबत मामा होते. नदीचे राखणदार, साठीला टेकलेले, सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. चौदा वर्षांपूर्वी मी पलीकडच्या काठावर तंबू ठोकून नऊ दिवस राहिले होते तेव्हा पाणमांजरांचं बीळ मला त्यांनीच दाखवलं. विश्वासानं. मी ओळख काढली, मामा, ओळखलंत ना? ते म्हणाले, तुम्हाला कोण विसरेल ताई? आणि कॅमेऱ्याचा पट्टा जरा जास्तच करकचून आवळला.

बिळाकडे जायचं का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, तिथे आता काय असणार.

६ फेब्रुवारी

कार्डं तपासली. बगळे, एक कुत्रं, कपडे धुणाऱ्या दोघीजणी आणि माझे स्वतःचे बूट. बुटांचे फोटो मात्र अप्रतिम आलेत.

पाण्याच्या टाकीवर चढलं की फोनला रेंज येते. लेकीशी बोलले. चौदाची झाली, पण आवाज अठ्ठावीसचा काढते. शाळेत ‘माझं आदर्श व्यक्तिमत्त्व’ यावर निबंध होता. हिनं माझ्यावर लिहिला, पहिला नंबर आला. ऐकवू का, म्हणाली. मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज चांगली होती.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी मला शाळेत नेलं. चाळीस मुलं, फळ्यावर खडूनं काढलेलं पाणमांजर. ते सशाकडे जास्त झुकलेलं. मी फोटो दाखवले, मुलं मस्त हसली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं की त्या आईला तुमची भीती नाही वाटली का. मी सांगितलं, मी खूप लांब होते बाळ, लांबचं दिसणारी लेन्स असते.

मग तिनं विचारलं, मग ती तुमच्याकडेच का बघतेय?

वर्गाच्या बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या म्हणून निभावलं.

११ फेब्रुवारी

सापडलं! चार नंबरच्या कॅमेऱ्यात, काल दुपारी बारा चाळीसला. लख्ख उजेडात खडकावर पाणमांजर. मादी. तोंडात काहीतरी धरलंय.

डॉक्टरीणबाईंनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. ऑफिसात पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली, कारण तेवढीच होती. मामांनी फोटो बघितला, बिस्कीट घेतलं, खाल्लं नाही. खिशात ठेवलं.

१२ फेब्रुवारी

मोठा करून पाहिला. पाहायला नको होता.

उजव्या कानाला खाच. गळ्यावर पांढरा डाग, वर जाडसर आणि खाली शेपूट निघालेला, स्वल्पविरामासारखा. कपाटामागचा फोटो काढून शेजारी ठेवला. तीच खाच. तोच डाग.

पाणमांजर फार तर बारा वर्षं जगतं. ती तेव्हाच चांगली मोठी होती.

तोंडात पिल्लू आहे. तेवढंच, तेवढ्याच वयाचं, शेपटी डाव्या बाजूला लोंबणारी. फरक एकच. माझ्या फोटोत पिल्लाचे डोळे उघडे होते.

डॉक्टरीणबाईंच्याही लक्षात आलं. त्या म्हणाल्या की नात असणार, अशा खुणा रक्तात उतरतात. मी मान डोलावली. डॉक्टर त्या आहेत, मी कोण बोलणारी?

१४ फेब्रुवारी

खाई त्याला खवखवे. इथे तरी लिहून टाकते, ही वही कोण वाचणार आहे.

नऊ दिवस तंबूत राहून मला एकही धड फोटो मिळाला नव्हता. मादी बिळातून निघायची ती थेट पाण्यात. बीळ म्हणजे खडकातली भेग, दोन तोंडांची. एक पाण्याखाली, एक वर, माणूस कमरेपर्यंत आत जाईल एवढी. आत तीन पिल्लं. नवव्या सकाळी ती मासे धरायला गेली तेव्हा मी वरचं तोंड दगडांनी बंद केलं. आठ दगड. खालच्या वाटेवर जाळं अडकवलं. अगदी वर पिल्लापुरती फट ठेवली.

मला ठाऊक होतं ती काय करेल. ती परत आली, दगडांशी झोंबली, फटीतून एक पिल्लू ओढून काढलं आणि ते तोंडात धरून, घाबरून, खडकावर उभी राहिली. बरोबर उजेडात. बरोबर माझ्यासमोर.

मी वीस फुटांवर होते. लांबची लेन्स पिशवीतच होती.

दगड नंतर काढणार होते. तेवढ्यात घरून निरोप आला की लेकीला ताप भरलाय. सहा महिन्यांची होती, माझ्या आईकडे ठेवली होती. मी तशीच निघाले. फट होती ना. तिनं बाकीची दोन काढलीच असतील.

काढलीच असतील.

१५ फेब्रुवारी

पाच नंबरचा कॅमेरा. हा घरापासून शंभर पावलांवर. पुन्हा दुपारची वेळ, पुन्हा ती, पुन्हा लेन्सकडे बघत. कॅमेऱ्याखालचा चिखल काल मीच फळीनं सपाट केला होता, ठसे मिळावेत म्हणून. चिखल अजून सपाट आहे.

दुपारी आंघोळीला गेले तर मोरीच्या नळीतून शीळ. बारीक, तुटक. पिल्लं आईला बोलावताना घालतात तशी. बाहेर येऊन नळीचं तोंड पाहिलं. काही नाही. आत आले, पुन्हा शीळ. न्हाणीघराचं दार लावून पायरीवर येऊन बसले. ऊन कडक होतं आणि मला हुडहुडी भरली होती.

१७ फेब्रुवारी

फोटो सुनावणीसाठी जाणार. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं: प्राण्याला कोणताही त्रास न देता छायाचित्र घेतले. असंच पत्र मी चौदा वर्षांपूर्वीही दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पेन पुढे केलं. मी सही केली. या वेळी तर ते खरंच होतं ना?

परतले तर उंबऱ्यावर पिल्लू. मेलेलं. ओलं, ताजं, डोळे मिटलेले. पुढच्या पंजांची नखं झिजून मुळाशी आलेली. दगड खरवडल्यासारखी.

मागच्या बाजूला पुरलं. माती लोटताना वर पाहिलं तर कुंपणापाशी मामा उभे. टोपी हातात. किती वेळ उभे होते कोण जाणे. टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले.

१८ फेब्रुवारी

चौदा तारखेला मी खोटं लिहिलंय. स्वतःच्या वहीत.

ताप नव्हता. घरून कसलाच निरोप आला नव्हता. फोटो संध्याकाळच्या आत वर्तमानपत्राला हवा होता, आणि शहराची बस सुटत होती. दगड काढायला दहा मिनिटं लागली असती. बस दहा मिनिटांनी गेली असती. एवढंच.

तापाची गोष्ट मी नंतर रचली. आईला सांगितली, नवऱ्याला सांगितली. लेकीला तर कौतुकानं सांगते की तुझ्यासाठी मी नदी सोडून धावत आले. तिच्या निबंधात असेल ते. म्हणूनच मला तो ऐकायचा नव्हता.

आज मामांकडे गेले. सांगायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, राहू द्या ताई, मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी ते बिळाकडे गेले होते. मादी दगडांपाशी बसलेली होती, पंजे रक्तानं भरलेले. माणूस जवळ आला तरी हलली नाही. बाहेर काढलेलं पिल्लू तिच्या पुढ्यात, गार. फट बुजली होती, तिच्याच ओरबाडण्यानं वरचा दगड खाली सरकून. मामांनी जाळं सोडवलं, आठही दगड काढले. आत दोन. तिन्ही पुरली. मादी दोन दिवस तिथेच बसून राहिली, मग तीही.

मी विचारलं, कुणाला सांगितलं का नाही तुम्ही? ते म्हणाले की तोवर पेपरात पहिल्या पानावर तुमचा फोटो आला होता. सगळे म्हणत होते, आता नदी वाचली. मी तोंड उघडलं असतं तर बंधारा झाला असता. मग नदीसाठी तोंड शिवून घेतलं. बायकोलाही नाही सांगितलं.

मग म्हणाले, त्या दिवसापासून मी पोरांना पाणमांजराची गोष्ट सांगत नाही.

मला रडूही आलं नाही. रडायला कोणत्या तोंडानं बसायचं?

२० फेब्रुवारी

उंबऱ्यावर दुसरं पिल्लू.

मामा आले होते. त्यांनीच उचललं, बाळाला घेतात तसं, मानेखाली हात घालून. शीळ त्यांनाही ऐकू येते, पहिल्या दिवसापासून. म्हणाले, ती परत परत आणून दाखवतेय, म्हणजे तिसरं अजून तिथेच असणार. मी बघून येतो. तुम्ही नका येऊ ताई.

मी म्हणायला हवं होतं की थांबा, मी जाते.

नाही म्हटलं. सकाळी दहाला गेलेत. चार वाजले.

२१ फेब्रुवारी

मामा नाहीत. माणसं काठानं फिरली, होडी टाकली. बिळापाशी त्यांच्या चपला, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढाव्यात तशा. बाकी काही नाही. पाय घसरला असणार असं सगळे म्हणतात. मामींनी मला विचारलं, तुमच्याशी काही बोलले होते का हो?

नाही म्हटलं. तोंडातून आपोआप निघतं आता.

२२ फेब्रुवारी

सहा नंबरचा कॅमेरा. अंगणातल्या झाडावर, तोंड पाण्याकडे. मीच लावलेला. कार्डात एकतीस फोटो.

नदी नाही. अंधाराच्या चौकटीत उजेडाचं एक भोक. त्यात एक बाई. निळं जाकीट. वयानं लहान. मी.

आतून काढलेत. बिळाच्या आतून.

पहिल्या फोटोत मी वाकून आत बघतेय. तिसऱ्यात हातात दगड. मग उजेड कमी. मग आणखी कमी. प्रत्येक फोटोत माझा चेहरा अर्धा, पाव— मी हसतेय. मला आठवत नव्हतं की मी हसत होते. काम जमतंय म्हणून, गुणगुणत असावी तशी—

शेवटचे दहा नुसते काळे. वर एक फट. त्यात आईचा पंजा.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. जुना फोटो, सही, मामा. कार्ड दाखवायला गेले तर कोरं.

मला वाटलं आता हाकलतील. बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, हे आणखी कुणाला माहीत आहे? मी म्हटलं, मामांना होतं. त्या म्हणाल्या, मॅडम, अठ्ठावीसपर्यंत थांबा. नुसती सुनावणी होऊ द्या. अकरा किलोमीटर आहेत. तुमच्या मनाचं नंतर बघू.

वाईट बाई नाहीत त्या. मामाही वाईट नव्हते. ही घाण मी केली आणि चांगल्या माणसांच्या हातात देत आले. आता त्यांचेही हात—

शीळ आता भिंतीतून. दोन आवाज. एक बारीक. दुसरा खोकल्यासारखा, माणसाचा—

२४ फेब्रुवारी

टाकीवर चढून लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. तापाचंही.

ती रडली नाही, ओरडली नाही. मी वाट बघत होते की ओरडेल. मग तिनं एकच विचारलं: आई, मग तू परत का नाही गेलीस? नंतर तरी?

चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी म्हटलं, जाते.

दोन पत्रं लिहून टेबलावर ठेवलीत. एक सुनावणीवाल्यांना, सही मागे घेतल्याचं. एक मामींना. पोस्टाची तिकिटंही लावलीत. वही सोबत नेते.

२४ फेब्रुवारी, दुपार

बिळापाशी आले. ऊन आहे. पाणी अगदी शांत.

तोंड बंद आहे. दगडांनी. ओले, आताच पाण्यातून काढल्यासारखे. मोजले. मोजायची गरज नव्हती.

आतून शीळ.

चार काढले. जड आहेत, तेव्हा लागले नव्हते एवढे. नख तुटलं. बरं वाटलं.

सहा. आत माशाचा वास, आणि दुधाचा.

सात. मामांची टोपी. कोरडी.

आठ—

कमरेपर्यंत आत आहे. बॅटरी दातात धरून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. कोपऱ्यात दोघं आहेत. तेव्हा आत राहिलेली. दोन. डोळे उघडे. हलताहेत. माझं बोट चोखताहेत— कोमट आहेत, देवा, कोमट आहेत— जिवंत—

घेते. दोघांना घेते आणि बाहेर—

मागे खडकावर पाऊल वाजलं. मामा? हाक मारली.

नाही.

दगड ठेवल्याचा आवाज. पायांवर भार आला. वळता येत नाही. काखेखालून दिसतंय तेवढं बघितलं. निळ्या जाकिटाची बाही. गुणगुणतेय.

दुसरा दगड. तिसरा.

मी ओरडतेय. आत पिल्लं आहेत गं, मी आहे, ऐक— ती माझ्याकडे बघतच नाहीये, ती नुसता उजेड बघतेय, उजेड कुठून येतो ते, आणि हा पुढचा ती बरोबर तोंडावर—